टायरात पाणी : भरावे केव्हा, काढावे केव्हा



आडसाली लागणीची नांगरट निघाली की गट ऑफिसात एक विचारणा हमखास होते, "मागच्या टायरात पाणी भरावं का?" ट्रॅक्टरवाले दोन तट पाडून बसलेले असतात. एक म्हणतो, भरल्याशिवाय नांगर ओढतच नाही. दुसरा म्हणतो, पाण्यानं टायर फुटतो. दोघांचेही ऐकू नये, चाक काय सांगते ते पाहावे.

इंजिनात जोर कितीही असला तरी तो जमिनीवर उतरतो मागच्या चाकांवरच्या वजनातून. वजन कमी पडले की चाक जागच्या जागी फिरते, डिझेल जळते, टायर गुळगुळीत होतो आणि नांगर तिथल्या तिथे. तेव्हा आधी घसर मोजा. चाकावर खडूने खूण करा. नांगर जमिनीत असताना चाकाचे १० फेरे होतील तेवढ्या अंतराला दोन काठ्या रोवा. मग नांगर उचलून त्याच गिअरात तेवढेच अंतर चाला आणि फेरे मोजा. ९ ते साडेआठ भरले तर घसर १० ते १५ टक्के, म्हणजे ठीक. ८ किंवा त्याहून कमी भरले तर वजन हवे. साडेनऊच्या पुढे गेले तर वजन आधीच जादा आहे, पाण्याचे नावही काढू नका.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १३.६-२८ मापाच्या टायरात साधारण दीडशे ते पावणेदोनशे लिटर बसते, म्हणजे दोन्ही चाकांना मिळून तीनशे किलोच्या वर. लोखंडी वजनांपेक्षा हे स्वस्त पडते, विहीर तर आपलीच आहे! थंड मुलुखात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. आपल्याकडे त्याची गरज नाही, उलट ते रिम खाते.

भरताना ट्रॅक्टर सपाटीला लावून बाकीच्या चाकांना दगड द्यावेत, चाक जॅकवर घ्यावे आणि व्हॉल्व अगदी वर आणावा. पिन काढून हवा सोडावी. टायरवाल्याकडे पाण्याचा जोड मिळतो, तो बसवून उंचावरच्या टाकीतून पाणी सोडावे, मधूनमधून कोंडलेली हवा काढावी. व्हॉल्वातून पाणी बाहेर आले की थांबा, टायर पाऊण भरला. वरचा पाव भाग हवेचाच राहिला पाहिजे. पाणी दबत नाही, खड्ड्यातला धक्का हवाच झेलते. "टायर फुटतो" म्हणणाऱ्याचे म्हणणे इथवर खरे आहे. हवेचा दाब ट्रॅक्टरच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा, आणि दाब तपासतानाही व्हॉल्व वरच असू द्या. दोन्ही टायरांत पाणी सारखे हवे.

पंक्चर झाले तर पाणी भरलेले चाक एकट्याने खोलू नका. ते अंगावर आले तर माणूस सावरू शकत नाही.

आता ऊस वाहतुकीचे. चढाला किंवा फडातून भरलेली ट्रॉली काढताना ट्रॅक्टरचे तोंड उचलते, म्हणून काही जण मागच्या टायरात पाणी भरतात. हा उपाय उलटा आहे. मागच्या चाकाला पकड वाढली की तोंड आणखीच उचलेल. त्याला पुढे वजने लावावीत, आणि ऊस ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला जादा भरू नये.

आमचा खरा आक्षेप पाणी भरण्याला नाही, ते काढायचे विसरण्याला आहे. जूनमध्ये भरलेले पाणी पुढच्या जूनपर्यंत तसेच. तेवढे वजन घेऊन ट्रॅक्टर खोडव्यात शिरतो, वाफसा नसलेल्या काळ्या रानात फिरतो, आणि बुडख्याशेजारची जमीन दाबली जाते. तिथे मुळी जात नाही, पाणी मुरत नाही, आणि फुटवा का कमी म्हणून मग आपण खताला दोष देतो. नांगरट संपली की व्हॉल्व खाली आणून पिन काढा. पाणी आपोआप येते, तळाशी थोडे राहते, त्याने बिघडत नाही. मग हवेचा दाब पुन्हा भरून घ्या, नाहीतर पहिल्याच खेपेला ट्यूब कापली जाईल.