चौथे वर्ष आले, खोलीचे काय?

२०२३ मध्ये स्वायत्त महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार दाखल झालेल्या पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष २०२६-२७ चे. ‘संशोधनासह ऑनर्स’ घेणाऱ्याला १२ श्रेयांकांचा प्रकल्प करायचा आहे. श्रेयांकांच्या गणितावर रकानेच्या रकाने छापून आले. पण मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा प्रकल्प कुठे बसून करायचा, हे कोणी विचारले नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अटीप्रमाणे अशा विभागात पीएच.डी.चे किमान दोन मान्यताप्राप्त कायम मार्गदर्शक हवेत, प्रयोगशाळेची सोयही हवी. कागदावर ती असते. मेमरी ड्रम, आरशात पाहून तारा गिरवण्याचा संच, म्युलर-लायर भ्रमाची पट्टी हे सगळे कपाटात असते, डेड स्टॉक रजिस्टरात नोंदलेले असते. मात्र त्याच खोलीत सकाळी अकरावीचा वर्ग, दुपारी प्रात्यक्षिकाची बॅच, परीक्षा आली की बाके आणि रविवारी मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र. जर्नल भरून घ्यायला एवढे पुरते. प्रतिक्रियाकाल मोजायचा तर मिलिसेकंदांचा हिशेब असतो. पहिला प्रयुक्त शांततेत बसला आणि चाळिसावा बसला तेव्हा बाहेर बाके ओढत होते, तर शेवटी मोजला जातो तो व्हरांडा.

मग गुगल फॉर्म. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचे आहे आणि पुढेमागे प्राध्यापक व्हायचे तर २०१८ च्या नियमांनुसार किमान १० शोधनिबंध हवेत. खोली नाही, वेळ नाही. व्हॉट्सअॅपवर प्रश्नावली पाठवायला दोन्ही लागत नाहीत. म्हणून ‘भावनिक बुद्धिमत्ता आणि समायोजन’ या धाटणीचे निबंध थप्पीने निघतात. प्रश्नावली वाईट नाही. पण माणूस स्वतःबद्दल काय सांगतो एवढेच तिच्यातून कळते. तो प्रत्यक्षात काय करतो, ते पाहायला त्याला समोर बसवावे लागते. आपल्याकडे काय शोधायचे हे जिज्ञासेआधी वेळापत्रक ठरवते, असे माझे मत झाले आहे.

यावर ठरलेले उत्तर येते: एबिंगहाउसकडे कुठे प्रयोगशाळा होती? खरे आहे. या जर्मन गृहस्थाने एकट्याने, स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरगट पाठ करत विस्मरणाचा आलेख काढला आणि १८८५ मध्ये पुस्तक छापले. पण तो काम कसे करायचा, तेही पाहावे. पाठांतराची वेळ शक्यतो तीच, वेग तोच. दिनक्रमातले मोठे फेरबदलसुद्धा तो टाळायचा. त्याच्याकडे प्रयोगशाळेची पाटी नव्हती, परिस्थितीवर ताबा होता. २०१५ मध्ये अॅमस्टरडॅमच्या दोन संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला. एकाच व्यक्तीने त्यासाठी ७० तास पाठांतर केले आणि आलेख जवळपास तसाच निघाला. सोळा तासिका, पेपर तपासणी आणि नॅकच्या फायली सांभाळून हे सत्तर तास काढायचे कुठून?

मागणी मोठी नाहीच. लाइपझिगमध्ये व्हुंटची जगप्रसिद्ध प्रयोगशाळा १८७९ मध्ये सुरू झाली तीही जुन्या इमारतीतल्या लहानशा जागेत. इथेही दोन माणसे बसतील एवढी बंद खोली, एक संगणक आणि प्रयुक्तांची माहिती ठेवायला कुलपाचे कपाट पुरे. अट एकच, सत्रभर ती दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. स्थानिक चौकशी समिती येते तेव्हा उपकरणांची यादी पाहते. तिने त्या खोलीचे वेळापत्रक मागवावे.