यंत्राशी मैत्री होऊ शकते काय?

चिखली-मेहकरच्या खेड्यांतून आलेला आमचा विद्यार्थी दहावीनंतर पुण्या-नागपुरास जातो. आईवडील सोयाबीनच्या सोंगणीत गुंतलेले, खोलीत सोबती नाही. अशा वेळी मोबाईलमधील चॅटबॉट रात्री-अपरात्रीही त्याच्याशी बोलण्यास तयार असतो. या भावबंधाला काही अर्थ आहे काय?

हा प्रश्न जुनाच आहे. १९६६ साली अमेरिकेतील प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा संगणकीय प्रोग्राम प्रसिद्ध केला. समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्नरूपाने परत करणे, एवढीच त्याची करामत. हे ठाऊक असूनही त्यांच्या सचिव बाईंनी त्याच्याशी बोलताना खुद्द वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले. आजचे चॅटबॉट मानवाच्या अफाट लेखनातून शब्दांची संगती शिकतात व पुढचा संभाव्य शब्द निवडत उत्तर रचतात. ‘तुझे दुःख मला समजते’ हे वाक्यही तसेच रचले जाते.

तरीही या संवादास तुच्छ लेखणे आम्हास योग्य वाटत नाही. यंत्र आडनाव विचारत नाही, गाव विचारून जात ताडत नाही. परक्या शहरात या मोकळेपणाचे मोल काय, हे आपल्या समाजास सांगावे लागत नाही. बोलणाऱ्याचे अश्रू खरे असतात, मन हलके होते तेही खरे.

परंतु आडनाव न विचारणे म्हणजे बंधुता नव्हे. आडनाव ठाऊक असूनही जो आपल्या ताटात जेवतो, तो बंधू. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता ही त्रयी अविभाज्य असल्याचे बजावले. आपल्या धम्मग्रंथात त्यांनी करुणेची व्याप्ती मानवापुरती, तर मैत्रीची सर्व प्राणिमात्रांपर्यंत सांगितली. अशी मैत्री घेण्याआधी द्यावी लागते. यंत्रास भूक नाही, ताप नाही. त्याच्यासाठी कोणास जागावे लागत नाही. तेथे आपण केवळ घेत राहतो. शिवाय त्यामागे एखादी कंपनी असते आणि आपण अधिकाधिक वेळ तेथे रमावे, यात तिचा लाभ असतो. म्हणून भावना खरी असली तरी नाते अर्धेच राहते.

कसोटी एकच: त्या संवादानंतर मूल माणसांकडे वळते की माणसांपासून दूर जाते? मन फारच खचले असेल तर शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. तेथे प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. पालकांनी मुलास गुणांआधी ‘जेवलास का’ हे विचारावे. आणि शहरांत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती अशी की, दरवर्षी शाळेतून बाहेर पडणाऱ्या निदान एका मुलाचा किंवा मुलीचा क्रमांक मागून घ्यावा आणि पहिला फोन आपण करावा.