अर्ध्या तासाला एक सेकंद कमी

काही वर्षांपूर्वीपर्यंत बरेचसे डिजिटल स्टिल कॅमेरे व्हिडिओ घेताना २९ मिनिटे ५९ सेकंदांवर आपोआप थांबत. लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांना हे पाठ होते. विधी चालू असतानाच रेकॉर्डिंग बंद व्हायचे आणि पुन्हा बटण दाबेपर्यंतचे क्षण निसटायचे. सेन्सर तापतो, मेमरी कार्डावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, अशी कारणे सांगितली जात, आणि ती काही अंशी खरीही होती. पण अर्ध्या तासाला बरोबर एक सेकंद कमी, हा आकडा तापमानातून निघत नाही. तो युरोपीय संघाच्या सीमाशुल्काच्या तक्त्यातून निघाला होता.

तिथे डिजिटल कॅमेऱ्यावर शुल्क शून्य होते. व्हिडिओ कॅमेऱ्यावर मात्र ४.९ टक्के, आणि बाहेरून आलेले चित्रही रेकॉर्ड करू शकणाऱ्यावर १४ टक्के. मग दोन्ही कामे करणाऱ्याचे काय? २००७ मध्ये रेघ आखली गेली: किमान ८०० बाय ६०० पिक्सेल, सेकंदाला किमान २३ फ्रेम आणि सलग किमान ३० मिनिटे. तिन्ही जमले की तो व्हिडिओ कॅमेरा. कंपन्यांनी तिसरी अट एका सेकंदाने चुकवली. माहिती तंत्रज्ञान कराराचा २०१५ मध्ये विस्तार झाल्यावर हे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरले आणि नव्या कॅमेऱ्यांतून मर्यादाही निघून गेली.

भारतानेही २०१२ मध्ये शुल्कमाफीसाठी हेच तीन आकडे घेतले, आणि क्षमता मोजताना वाढीव कार्ड धरून कमाल साठवण विचारात घ्यायची, असेही जोडले. पुढे कॅनन, निकॉन, सोनी आणि कॅसिओच्या आयातीवर महसूल गुप्तचर संचालनालयाने नोटिसा काढल्या. वाद कॅमेऱ्यापासून सुरू झाला आणि नोटीस काढण्याचा अधिकार कोणाचा, या मुद्द्यावर जाऊन अडकला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये तो अधिकार नाकारला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये फेरविचार करून मान्य केला. तोवर ती मॉडेले बाजारातून कधीच गेली होती.

अशा मालाचे वर्गीकरण होते तरी कसे? ब्रुसेल्समधल्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची 'हार्मोनाइज्ड सिस्टिम' १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. तिच्यातल्या मालाच्या क्रमांकाचे पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे देशाचे; आपल्याकडे एकूण आठ. शीर्षकाचे शब्द आणि विभाग-प्रकरणांच्या टिपा आधी वाचायच्या. यंत्रे आणि विद्युत उपकरणांच्या सोळाव्या विभागात तिसरी टीप आहे: अनेक कामे करणारे यंत्र त्याच्या मुख्य कामावरून ओळखायचे. मुख्य काम ठरतच नसेल, तर सारख्याच योग्य शीर्षकांपैकी क्रमाने शेवटचे घ्यायचे. हा शेवटचा नियम मला नेहमीच असमाधानकारक वाटत आला आहे, कारण त्यात वस्तूविषयी काहीच नाही, फक्त आकड्यांचा क्रम आहे.

'मुख्य काम' ठरवणे किती अवघड, याचे उत्तम उदाहरण मुंबई कस्टमपासून सुरू झालेल्या झेरॉक्स इंडियाच्या खटल्यात सापडते. छापणे, प्रत काढणे, स्कॅन करणे आणि काही मॉडेलांत फॅक्सही, असे ते यंत्र. त्या काळच्या तक्त्यात संगणकाला जोडलेला प्रिंटर ८४७१ मध्ये, फॅक्स ८५१७ मध्ये आणि फोटोकॉपियर ९००९ मध्ये होता. म्हणजे एका टेबलावरच्या एका यंत्राला तीन प्रकरणे. सीमाशुल्क विभागाने ते ८४७९ या 'इतरत्र न सांगितलेल्या यंत्रां'च्या शीर्षकात टाकले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र यंत्र जणू उघडून पाहिले. कोणते सुटे भाग कशासाठी आहेत आणि खर्चाचा मोठा हिस्सा कुठे जातो, हे तपासून छपाई हेच मुख्य काम ठरवले आणि ८४७१ मान्य केले. निकाल आला २०१० मध्ये. त्याआधीच, २००७ च्या आवृत्तीत, अशा यंत्रांना ८४४३.३१ ही स्वतंत्र नोंद मिळाली होती. योगायोग असा की त्याच २०१० साली जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलनेही युरोपच्या ६ टक्के शुल्काविरुद्ध निर्णय देताना, डिजिटल प्रत काढणे म्हणजे फोटोकॉपी नव्हे, असे म्हटले.

स्मार्टफोनला तर स्वतःची नोंद, ८५१७.१३, मिळायला २०२२ उजाडले. मोबाइल ऑपरेटिंग सिस्टिम आणि एकाच वेळी अनेक ॲप चालवण्याची क्षमता ही त्याच्या व्याख्येतली खूण. कॅमेरा असो वा नसो.

माझे मत स्पष्ट आहे: वस्तू हाती घेऊन मोजता येईल असा निकष 'मुख्य काम' शोधण्यापेक्षा बरा, कारण तो आयातदाराला आधी कळतो. पण मोजमापाचे आकडे तंत्रज्ञानाबरोबर बदलले पाहिजेत, नाहीतर अभियंते शुल्कासाठी चांगले यंत्र अपुरे बनवू लागतात. तक्त्याची पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू व्हायची आहे.

तोवर छोट्या आयातदाराला एक चांगला मार्ग खुला आहे. २०२१ पासून मुंबई आणि दिल्लीत सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरण काम करते. माल निघण्याआधीच वर्गीकरणाचा प्रश्न तिथे मांडता येतो आणि तीन महिन्यांत निर्णय देण्याची तरतूद आहे. अर्जासोबत नुसते कॅटलॉग न देता सुट्या भागांची यादी, प्रत्येक भागाचे काम आणि त्याचा खर्च द्यावा. झेरॉक्सच्या खटल्यात निर्णायक ठरला तो हाच तपशील.