ओळख न पटलेला पाहुणा

१९८७ साली इंदूरच्या वसतिगृहात शेजारच्या खोलीतून रोज रात्री एक इंग्रजी कॅसेट ऐकू येई. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या विलंबित ख्यालावर वाढलेल्या माझ्या कानांना तो निव्वळ गोंगाट वाटे. एके रात्री मी तक्रार करावयास गेलो. शेजाऱ्याने काही न बोलता खुर्ची पुढे सरकवली आणि कॅसेट पुन्हा आरंभापासून लावली. गिटारचे चारच स्वर पुनःपुन्हा येत होते आणि आठ मिनिटे उलटली तरी गायकाचा पत्ता नव्हता. हा सबुरीचा बाज माझ्या ओळखीचा होता! मी तक्रार विसरलो. त्या गाण्याचा अर्थ उमगण्यास मात्र पुढे कितीतरी वर्षे जावी लागली.

ती ध्वनिमुद्रिका होती 'पिंक फ्लॉइड' या इंग्रज वाद्यवृंदाची 'विश यू वेअर हिअर', म्हणजे 'तू इथे असतास तर'. सप्टेंबर १९७५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्या काळी इंग्लंडात 'प्रोग्रेसिव्ह रॉक' नावाची एक धारा जोरात होती. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीने आपल्या ख्यालगायकांना तीन-साडेतीन मिनिटांत कोंडले होते. तसेच तिकडचे लोकप्रिय गाणेही तेवढ्याच मापाचे असे. लाँग प्ले तबकडीने ही कोंडी फोडली. 'किंग क्रिम्सन'ने १९६९ साली या वाटेवर ठळक पाऊल टाकले. 'येस' या वृंदाने १९७२ च्या 'क्लोज टू द एज'मध्ये तबकडीची एक संपूर्ण बाजू एकाच रचनेला दिली.

परंतु 'विश यू वेअर हिअर' मला जवळची वाटते ती तिच्या विस्तारामुळे नव्हे, तर तिच्यामागील अपराधी भावनेमुळे.

या वृंदाचा पहिला नायक सिड बॅरेट. जन्म १९४६, गाव केंब्रिज. वृंदाचे नाव त्याने दिलेले आणि १९६७ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील बहुतेक गीतेही त्याचीच. पुढे अमली पदार्थांनी आणि मनोविकाराने त्याला घेरले. रंगमंचावर तो नुसता उभा राहू लागला. जानेवारी १९६८ मध्ये एका कार्यक्रमाला निघालेल्या मित्रांनी, त्याला घ्यावयास जायचे की नाही, असा प्रश्न काढला आणि जायचे नाही असे ठरविले. भांडण नाही, निरोप नाही. केवळ गाडी त्याच्या दारी गेली नाही. त्याच वसंतात तो वृंदाबाहेर पडल्याचे जाहीर झाले.

१९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ने या मंडळींना अमाप यश दिले. पुढची ध्वनिमुद्रिका करावयास ती लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत जमली, तेव्हा मात्र मने रिकामी झाली होती. त्या रितेपणातूनच बॅरेटवरील 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' ही नऊ भागांची रचना आकारास आली. तिचे दोन तुकडे करून एक आरंभी व एक अखेरीस ठेवला. मधल्या दोन गाण्यांत ध्वनिमुद्रिकांच्या बाजाराचा उपहास आहे. शीर्षकगीताच्या आरंभी रेडिओची स्थानके शोधल्याचा आवाज येतो. मग रेडिओतून यावी तशी एक क्षीण गिटार वाजते आणि तिला साथ देणारी दुसरी गिटार अगदी आपल्या शेजारी बसून कोणी वाजवावी तशी येते. एक दूर, एक जवळ. शब्दांवाचूनच विरह सांगितला जातो.

आणि ५ जून १९७५ रोजी, हे काम चालू असतानाच, एक स्थूल गृहस्थ स्टुडिओत येऊन बसले. डोके आणि भुवयाही भादरलेल्या. हे कोण, ते कोणालाच कळेना. बऱ्याच वेळाने उलगडा झाला, की ज्याच्यावर गाणे रचले तो बॅरेट हाच! रॉजर वॉटर्स यांना रडू आवरले नाही, असे सांगतात. पुढे बॅरेट केंब्रिजला परतला, चित्रे आणि बागकाम यांत रमला आणि २००६ साली निवर्तला.

हा प्रसंग वाचला तेव्हा मी दचकलो. काही वर्षांपूर्वी माझ्या कचेरीबाहेरील बाकावर एक दाढी वाढलेला मनुष्य तासभर बसला होता. दाखल्यासाठी आलेला कोणी पालक असावा, असे समजून मी जाता जाता विचारले, "काय काम आहे?" तो उठून उभा राहिला. "काही नाही सर, सहज आलो होतो." आणि तो निघून गेला. संध्याकाळी शिपायाने नाव सांगितले. ज्याचे निबंध मी पुढच्या वर्गांना वाचून दाखवीत असे, तोच हा विद्यार्थी! मी रस्त्यापर्यंत धावलो. पण तोवर बराच उशीर झाला होता. नंतर त्याचा ठावठिकाणा लागला नाही.

परवा मुलीने ती ध्वनिमुद्रिका मोबाइलवर लावून दिली. चव्वेचाळीस मिनिटे मी जागचा हललो नाही. त्या मित्रांना आपली चूक निदान स्वरांत मांडता आली. मला गाता येत नाही. म्हणून आता एवढेच करतो: रोज सकाळी कचेरीत शिरण्यापूर्वी बाहेरच्या बाकाशी थांबतो आणि तेथे बसलेल्या प्रत्येकाला काम विचारण्याआधी नाव विचारतो.