लाल ठिपका काचेवर नसतोच

डिसेंबरअखेरीस रात्री दहाच्या सुमारास धरमपेठेतल्या आमच्या गच्चीवरून मृग छान वर आलेलं दिसतं. त्याच्या पोटात घुसलेल्या बाणाच्या तीन चांदण्या एका ओळीत असतात. तीच ओळ खाली वाढवत नेली की बाण मारणारा व्याध सापडतो. पण तोच व्याध मोठ्या दुर्बिणीत पकडायला गेलं की नुसता अंधार हाती लागतो, कारण दुर्बिणीला एका वेळी आकाशाचा अगदी चिमूटभर तुकडा दिसतो. म्हणून तिच्या पाठीवर एक छोटा शोधक बसवलेला असतो. त्याच्या काचेत एक लाल ठिपका दिसतो. ठिपका व्याधावर आणला की व्याध दुर्बिणीत हजर.

मागच्या वर्षी शेजारची चौथीतली मुलगी त्या शोधकाला डोळा लावून बसली होती. तिने सहज डोकं डावीकडे नेलं, मग उजवीकडे, आणि ओरडली, "काका, ठिपका त्याला सोडतच नाही!" मी पुन्हा पाहिलं. डोकं हलवलं की ठिपका काचेच्या कडेपर्यंत सरकायचा, पण व्याधावरून हलायचा नाही. खिडकीच्या काचेवर टिकली चिकटवून समोरच्या झाडावर धरा आणि मान हलवा. टिकली लगेच झाडावरून निसटते. इथे तसं होत नव्हतं, कारण तो ठिपका काचेवर नव्हताच.

हीच युक्ती आज पिस्तुलाच्या पाठीवर बसते. तिला रेड डॉट साईट म्हणतात. वजन साधारण तीस-चाळीस ग्रॅम, आकार काडेपेटीपेक्षा लहान. अनेकांना वाटतं की ती समोर लाल किरण फेकते. तसं नाही. लक्ष्यावर काहीच पडत नाही. सगळा खेळ मागे, पाहणाऱ्याच्या बाजूला चालतो. साईटच्या खिडकीच्या पायाशी एक बारीक एलईडी असतो, त्याचा प्रकाश पुढच्या काचेवर आदळून डोळ्याकडे परततो. ती काच किंचित वाकलेली, म्हणजे अंतर्वक्र आरसा असते आणि एलईडी नेमका तिच्या नाभीवर बसवलेला असतो. नाभीतून निघालेले किरण अशा आरशावरून परतताना एकमेकांना समांतर होतात. आणि समांतर किरण म्हटले की डोळ्याला एकच अर्थ कळतो: हे फार फार दुरून आले आहेत.

व्याधाचा प्रकाश साडेआठ वर्षं प्रवास करून गच्चीवर येतो. ठिपक्याचा प्रकाश जेमतेम हातभर चालून येतो. डोळ्याला मात्र दोन्ही सारखेच दूर वाटतात. मी कितीदा पाहिलं तरी याचं नवल कमी होत नाही.

मग आरशातून पलीकडचं दिसतं कसं? काचेवर केसाहून शेकडो पटींनी पातळ थर चढवलेले असतात. ते एलईडीच्या लाल रंगाचा अरुंद पट्टा परतवतात आणि बाकीचा प्रकाश जाऊ देतात. म्हणून अशा काचेतून जग किंचित निळसर-हिरवट दिसतं. त्यातला थोडा लाल रंग काचेने अडवलेला असतो.

या कल्पनेचं पेटंट १९०० साली घेतलं ते डब्लिनच्या सर हॉवर्ड ग्रब यांनी. ते बंदुका बनवणारे नव्हते, दुर्बिणी बनवणारे होते. आणि त्यांची एक दुर्बीण आपल्या पुण्यात होती. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तिथला ग्रब यांचा वीस इंची परावर्तक त्या काळी देशातला सर्वांत मोठा होता. १९१२मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. आरसा आणि नाभी यांत आयुष्य घालवलेल्या ग्रब यांनाच ही कल्पना सुचावी यात मला मोठी संगती दिसते. दुर्बीण समांतर किरण गोळा करून एका बिंदूत आणते. ग्रब यांनी तोच रस्ता उलटा चालून पाहिला, बिंदूपासून समांतर किरणांकडे.

त्यांना सोडवायचा होता तो डोळ्याचा जुना पेच. साध्या पिस्तुलावर मागे खाच आणि पुढे उभा खुंट असतो. खाच हाताच्या अंतरावर, खुंट तिच्यापुढे वीतभर, लक्ष्य पंचवीस मीटरवर. तिन्ही एका रेषेत आणायचे, पण डोळ्यातलं भिंग एका वेळी एकाच अंतरावर जुळतं. म्हणून नेमबाजीत शिकवतात, नजर पुढच्या खुंटावर ठेवा, लक्ष्य धूसर राहू द्या. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं ते याच पद्धतीने, कारण ऑलिंपिक प्रकारांत पिस्तुलावर भिंग, आरसा किंवा प्रकाशाचा ठिपका चालतच नाही. धूसर लक्ष्यावर भरवसा ठेवणं ही फार मोठी साधना आहे. आणि चाळिशी लागली की तो खुंटच धूसर होतो. लाल ठिपका हा पेच मुळातूनच मिटवतो. ठिपका आणि लक्ष्य दोन्ही दूर, म्हणून नजर लक्ष्यावर ठेवायची आणि दोन्ही डोळे उघडे. १९७५मध्ये स्वीडनच्या एमपॉइंटने ठिपक्यासाठी एलईडी वापरलेली साईट बाजारात आणली, आणि पुढे ती आक्रसत पिस्तुलापर्यंत पोचली.

साईट निवडताना पहिला प्रश्न ठिपक्याच्या आकाराचा. तो एमओएमध्ये मोजतात. हे माप पंचांग पाहणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे, फक्त नाव वेगळं. अंशाचा साठावा भाग, म्हणजे कला. अंश, कला, विकला याच मापांत सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने निम्मा भारत मोजत आणला. दूरच्या खुणेवर थिओडोलाइट रोखून कोन टिपत तो नागपूरकडे निघाला होता. जानेवारी १८२३मध्ये वाटेतच, हिंगणघाटला, त्याचा मृत्यू झाला.

पूर्ण चंद्र साधारण तीस कलांचा असतो. म्हणजे तीन एमओएचा ठिपका चंद्राच्या व्यासाच्या दहाव्या भागाएवढा. पंचवीस मीटरवर तो सुमारे २२ मिलिमीटर झाकतो. सहाचा ठिपका झाकतो ४४ मिलिमीटर, आणि २५ मीटर प्रिसिजन लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ असतं ५० मिलिमीटरचं. म्हणजे सहाच्या ठिपक्याखाली ते जवळजवळ बुडतं. जवळच्या अंतरावर झटकन सापडायला मोठा ठिपका बरा, दूरवर नेमकेपणासाठी लहान.

ठिपका गोल न दिसता शेपूट फुटलेला किंवा द्राक्षाच्या घडासारखा दिसला तर साईटला दोष देण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. फोटोत गोल आला तर खोट आपल्या डोळ्यात आहे. चष्म्याला सिलिंडरचा नंबर असणाऱ्यांना हा अनुभव बऱ्याचदा येतो. चष्मा लावून पाहा, किंवा ठिपक्याचा उजेड कमी करा.

दुसरा प्रश्न उघडी की बंद. उघड्या साईटमध्ये एलईडी आणि काच यांच्यामध्ये मोकळी हवा असते. नागपूरच्या पहिल्या पावसात एक थेंब एलईडीवर बसला की ठिपका फुटतो किंवा नाहीसा होतो. बंद साईटला पुढे-मागे काच असते. ती थोडी जड, पण धूळ-पावसात निर्धास्त. तिसरा प्रश्न उजेडाचा. मे महिन्यात शेडच्या सावलीत उभं राहून रणरणत्या उन्हातल्या लक्ष्याकडे पाहिलं, तर आपोआप उजेड ठरवणारी साईट सावलीच फार मोजते आणि ठिपका फिका पडतो. म्हणून उजेड हाताने बदलता यावा. बटण सेल कित्येक महिने, काहींत वर्षानुवर्षं टिकतो, कारण एलईडीला वीज जेमतेम लागते. तरी दरवर्षी ठरलेल्या तारखेला तो बदलावा, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत साईट ठेवू नये. साईट बसवायच्या भोकांचे आणि खाचांचे नमुने कंपनीगणिक वेगळे असतात. आपल्या पिस्तुलाशी ते जुळतात का, हे पैसे देण्याआधी पाहावं. आपल्याकडे पिस्तूल बाळगायला १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, हे तर सगळ्याच्या आधी.

नव्या माणसाची पहिली तक्रार एकच असते: ठिपका दिसतच नाही! त्याचं कारणही त्या समांतर किरणांतच आहे. ते परततात ते खिडकीएवढ्या रुंदीच्या झोतात. डोळा त्या झोतात असेल तरच ठिपका दिसतो. मनगट जरा वाकडं झालं की झोत गालावर पडतो. अशा वेळी पिस्तूल हलवत ठिपका शोधू नये. नजर लक्ष्यावर रोवायची आणि पिस्तूल रोज त्याच वाटेने त्या नजरेसमोर आणायचं. हा सराव रिकाम्या पिस्तुलाने, चेंबर दोनदा तपासून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, तोंड सुरक्षित दिशेला धरून करायचा.

ठिपका दिसू लागला की दुसरी तक्रार सुरू होते: तो थरथरतो. पण हात आधीही थरथरतच होता. खाच आणि खुंटाने ते झाकलं होतं, ठिपक्याने उघड केलं. नवखा माणूस ठिपका मधोमध येईल तो क्षण पकडायला जातो, चाप झटक्यात ओढतो आणि गोळी खाली जाते. जाणकार ठिपक्याला डुलू देतो आणि चाप हळू, एकसारखा दाबत नेतो. डुलणं लक्ष्याच्या आतच राहतं.

त्या रात्री मुलीने शोधकाला बोट लावलं, तेव्हा ठिपका व्याधाभोवती नाचू लागला. तिने हात मागे घेतला, श्वास रोखून वाट पाहिली, आणि ठिपका पुन्हा जागेवर आला. मग तिने मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला. निळ्या-पांढऱ्या ठिणग्या उडवत व्याध मधोमध जळत होता.