घोड्याची सुटका एका दिवसाची, सांभाळ पंधरा वर्षांचा

लग्नसराई आली की अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरीवली भागांत वरातीच्या घोड्यांची धावपळ सुरू होते. अंगावर जरीची झूल, कानाशी बँड आणि फटाके, पायाखाली डांबर. आषाढ लागला की तोच घोडा मालकाला जड होतो. कमाई बंद, चंदी मात्र चालू. त्यात पाय अधू झाला किंवा वय झाले, तर एखाद्या रात्री त्याचे दावे सोडले जाते. मग तो महामार्गाच्या कडेला नाही तर कुणाच्या शिवारात उभा दिसतो.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या घोड्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे. उपनगरात आज घोडा बांधायला जागा उरलेली नाही. दहिसर किंवा मुलुंडचा नाका ओलांडला की आपली गावे लागतात. मोकळी जागा इथे, गवत इथे आणि पंचनामा करणारी माणसेही इथेच. म्हणून अशा जनावरांना आसरा देणाऱ्या संस्थांना आपण काय मदत करू शकतो, हा विचार शहरापेक्षा आपण आधी करायला हवा.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि त्याच साली प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्थाही उभी राहिली. तिच्या परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात आजही घोड्यांवर उपचार होतात. घोड्यांची ट्राम १९०५ मध्ये थांबली, व्हिक्टोरिया मात्र धावत राहिल्या. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने केवळ मौजेच्या फेरीसाठी व्हिक्टोरिया चालवणे बेकायदा ठरवले, त्या बंद करायला एक वर्ष दिले आणि मालक-चालकांबरोबर घोड्यांच्याही पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या. वरातीचे घोडे या निकालात नव्हते. द्रुतगती मार्गांवर पहाटे चोरून लावल्या जाणाऱ्या टांग्यांच्या शर्यतीही थांबल्या नाहीत. तिथे घोडा पडला तर पैज लावणारे पळून जातात, घोडा रस्त्यावर राहतो.

आता हिशेब करू, कारण खरी अडचण तिथेच आहे. घोडा नीट सांभाळला तर २५ ते ३० वर्षे जगतो. कामाची उमेद पंधराव्या वर्षाच्या आसपास ओसरू लागते. ३०० किलोच्या देशी घोड्याला रोज साधारण ६ किलो कोरडा चारा लागतो. वर्षाला झाले २२ क्विंटल. पंधरा वर्षांचे ३३ टन! शिवाय रोज २५ ते ४० लिटर पाणी, दीड-दोन महिन्यांनी खूर साळायला नालबंद, जंताचे औषध, धनुर्वाताची लस. सुटकेच्या दिवशी फोटो काढायला माणसे येतात, देणग्याही येतात. पुढच्या श्रावणात तोच घोडा गवताला तोंड लावून उभा असतो, तेव्हा कोणी येत नाही.

म्हणून रोख रक्कम द्यायला जमत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. डोंगराचे वाळलेले गवत द्या. पावसाआधी कोरड्या गवताची एक गाडी आश्रयस्थानात पोचली, तर तिथल्या माणसांचा मोठा घोर मिटतो. गवत बुरशीचे किंवा भिजून काळे पडलेले नको. असले गवत गायीपुढे टाकतानाही आपण विचार करतो, घोड्याला तर ते जिवावर बेतते. त्याला ओकारी करता येत नाही, पोट एकच, आणि पोटशूळ उठला की काही तासांत खेळ संपतो. भाताचा पेंढा पोट भरायला थोडाफार चालतो, पण त्यात सत्त्व कमी. लसूणघास बांधावर असेल तर उत्तम.

उपाशी घोडा दारात आला तर दया येऊन त्याच्यापुढे हरभऱ्याची पाटी ठेवू नका. खंगलेल्या जनावराला एकदम दाणा घातला तर त्यानेच ते दगावते. आधी पाणी, मग थोडे थोडे गवत किंवा लसूणघास, दिवसातून पाच-सहा वेळा. वरातीतला उरलेला भात, शिळे पाव तर नकोच. कोंबडीखाद्य चुकूनही देऊ नये. त्यात मोनेन्सिन नावाचे औषध असू शकते, ते घोड्याच्या हृदयाला घातक ठरते.

दुसरी काळजी ग्लँडर्सची. नाकातून घट्ट शेंबूड, अंगावर गाठी आणि फुटलेल्या जखमा दिसल्या तर हात लावू नका, कारण हा रोग माणसालाही होतो. अनोळखी घोडा आपल्या जनावरांपासून दूर बांधा, त्याची पाण्याची बादली वेगळी ठेवा आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. १९६२ हा क्रमांकही आहे. रक्त तपासल्याशिवाय तो घोडा हलवू नये, संस्थेकडेही नाही.

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. बेवारस घोडा कोंडवाड्यात घालून लिलाव केला की कागद पूर्ण होतो, पण जास्त बोली लावणारा तो पुन्हा शर्यतीला जुंपणार नाही कशावरून? त्यापेक्षा पंचनामा करा. जखमा, खुरांची स्थिती, कातडीवरचे डाग, नाल, तारीख, जागा, दोन पंचांच्या सह्या आणि फोटो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. जनावर उपाशी ठेवणे, टाकून देणे हा त्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. दंड मात्र पहिल्या वेळी १० ते ५० रुपये! नालाच्या एका जोडीला याहून जास्त पडतात. तरीही गुन्हा नोंदवण्यात अर्थ आहे, कारण कलम ३५ प्रमाणे न्यायदंडाधिकारी जनावराला उपचारगृहात पाठवण्याचा आदेश देऊ शकतात आणि वाहतुकीचा व सांभाळाचा खर्च मालकावर बसतो. मालक गरीब असेल तर उपचाराचे शुल्क माफ करण्याची तरतूदही त्यातच आहे. जनावर जाणूनबुजून मारले किंवा पांगळे केले, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लागते. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

घोडा विकत घेऊन सोडवावा का? माझे मत विचाराल तर सहसा नको. त्या पैशात मालक दुसरा घोडा आणतो. कैरोमध्ये डोरोथी ब्रुक या इंग्रज बाईंनी १९३० नंतर पहिल्या महायुद्धातले टाकलेले सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. ते म्हातारे, झिजलेले होते, बहुतेकांना शांत मरण देणे एवढेच हातात होते. पण १९३४ मध्ये त्यांनी रुग्णालय काढले आणि कष्टकऱ्यांच्या कामाच्या घोड्यांवर मोफत उपचार सुरू केले. ते काम आजही चालू आहे, भारतातही. आपल्याकडचा घोडेवालाही काही राक्षस नसतो. त्याचा घोडा लंगडायच्या आधी नालबंद आणि डॉक्टर त्याच्यापर्यंत पोचले, तर दावे सोडायची वेळच कमी येईल. अशी शिबिरे भरवणाऱ्या संस्थेला मी आधी मदत करीन.

संस्था पारखून घ्या. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, पावती मिळते का, हिशेब तपासलेला आहे का, हे विचारा. मग न सांगता एकदा जाऊन या. फलक पाहू नका, खुरे पाहा. वाढून पुढे वळलेली खुरे दिसली तर तिथे नालबंद येत नाही. पाण्याच्या हौदात शेवाळ आहे का, आजारी जनावर वेगळे आहे का, चाऱ्याची गंजी पावसापासून झाकली आहे का, हे तुमच्या नजरेला दोन मिनिटांत कळेल. शहरातल्या देणगीदाराला ते कळत नाही.

गवत द्यायचे ठरले तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, फुलोऱ्याच्या सुमारास कापा. पुरते पिकून बी झडलेल्या गवतात काडीच उरते. दोन-तीन दिवस चांगले वाळवून मगच भारे बांधा आणि संस्थेला आधी विचारून गाडी पाठवा, कारण त्यांच्याकडे गंजी लावायला जागा किती, हेही पाहावे लागते.