काळ, वेळ आणि फोर्कलिफ्ट

"काळ आला होता, पण वेळ आली नव्हती," असे आपण सहज म्हणून जातो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हे वाक्य मी एका गोदामात एकाच दिवशी दहा तोंडांतून ऐकले. मामांच्या ओळखीने स्टॉक रजिस्टर लिहिण्यासाठी मी तेथे जात होतो. दुपारची वेळ. फोर्कलिफ्टचा चालक पोत्यांनी उंच भरलेले पॅलेट घेऊन दोन थप्प्यांमधल्या वाटेने येत होता. पोत्यांमुळे त्याला समोरचे काहीच दिसत नव्हते. वळणावर एक हमालकाका खाली बसून डोक्याचा पटका बांधत होते. कोणीतरी कन्नडमध्ये ओरडले, चालकाने ब्रेक दाबला आणि यंत्राचे लोखंडी दांडे काकांच्या पायापासून वीतभर अंतरावर थांबले. वरची दोन पोती घसरून फाटली. मालकांनी नारळ फोडला, चहा झाला आणि काम पुन्हा सुरू झाले. संध्याकाळी मी रजिस्टरात 'फाटलेली पोती : २' अशी नोंद केली. काकांविषयी लिहायला तेथे रकानाच नव्हता.

त्या दिवशी जे घडले त्यात नशिबाचा भाग किती आणि हिशोबाचा किती, हे शोधावे असे मला वाटले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी; यंत्रशास्त्राशी माझा संबंध नाही. पण हा हिशोब आपणा सर्वांना समजण्याजोगा आहे.

फोर्कलिफ्ट ही मुळात एक तागडी आहे. (आपली तागडी आणि कन्नडमधली तक्कडी, दोन्ही एकच.) पुढच्या चाकांचा आस हा तिचा मध्य. एका बाजूला दांड्यांवरचा माल, दुसऱ्या बाजूला यंत्राचे स्वतःचे वजन. म्हणूनच यंत्राचा मागचा भाग मुद्दाम जड केलेला असतो. अडीच टन माल उचलणारे यंत्र स्वतः साधारण साडेतीन ते चार टनांचे असते. ते हळू चालले तरी माणसाला चिरडण्यास पुरेसे आहे.

यंत्रावर एक पट्टी बसवलेली असते. तीवर, उदाहरणार्थ, २००० किलो आणि ५०० मिलिमीटर असे आकडे असतात. पुष्कळ जण पहिलाच आकडा वाचतात. मालाच्या वजनाचा मध्य दांड्यांच्या उभ्या पाठीपासून ५०० मिलिमीटरवर असेल तरच २००० किलो उचलावे, असा त्याचा अर्थ आहे. समजा, ही पाठ पुढच्या आसापासून ४०० मिलिमीटर पुढे आहे. म्हणजे एकूण अंतर ९०० झाले आणि २००० गुणिले ९०० म्हणजे १८,००,०००. आता लांब खोके आले आणि वजनाचा मध्य ८०० मिलिमीटरवर गेला. एकूण अंतर १२०० झाले. १८,००,००० ला १२०० ने भागले की उरतात १५०० किलो. माल फक्त लांब झाला, तरी पाचशे किलोंची ताकद गेली! प्रत्यक्ष यंत्राचे आकडे त्याच्या कारखान्याच्या तक्त्यावरूनच घ्यावेत. पण तत्त्व हेच.

दुसरी गोष्ट आडव्या उलटण्याची. यंत्राला चाके चार असली तरी मागचा आस मध्यभागी एकाच खिळीवर तोललेला असतो. त्यामुळे यंत्र खरे तर तीन बिंदूंवर उभे असते : पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्य. सगळ्या वजनाचा मध्य या त्रिकोणाच्या आत असेपर्यंत धोका नाही. माल उंच धरून वेगाने वळण घेतले की तो मध्य त्रिकोणाबाहेर जातो आणि यंत्र कुशीवर पडते. रिकामे यंत्रही असे पडू शकते, हे अनेकांना ठाऊक नसते. शिवाय ते मागच्या चाकांनी वळते. म्हणून वळताना त्याची पाठ बाहेर फेकली जाते आणि बाजूला उभा असलेला माणूस भिंतीशी दाबला जातो.

यंत्र कलंडू लागले की उडी मारावी, असे कोणालाही वाटेल. हीच उडी जीव घेते. उडी मारणारा ज्या बाजूला पडतो त्याच बाजूला डोक्यावरचे लोखंडी छत येऊन आदळते. म्हणून पट्टा बांधावा, सुकाणू घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि यंत्र पडत असेल त्याच्या उलट दिशेला झुकावे.

उपाय फारसे खर्चिक नाहीत. माल जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवूनच यंत्र चालवावे. माल दृष्टी अडवत असेल तर यंत्र मागे चालवावे. उतारावर माल नेहमी चढाच्या बाजूला असावा. दांड्यांवर माणसाला कधीही चढवू नये. माणसांची वाट आणि यंत्राची वाट पिवळ्या पट्ट्यांनी वेगळी करावी. वळणांवर बहिर्वक्र आरसे लावावेत. रोज सकाळी ब्रेक, हॉर्न, टायर, साखळी व तेलाची गळती तपासावी. किल्ली शिकलेल्या चालकाकडेच असावी. अमेरिकेत दर तीन वर्षांनी चालकाचे काम पुन्हा पारखण्याचा नियम आहे. डिझेलचे यंत्र बंद गोदामात चालवल्यास विषारी वायू साचतो. बॅटरीचे यंत्र चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेथे विडी पेटवू नये. आणि आपल्या बेळगावसारख्या गावात पाट्या दोन्ही भाषांत असाव्यात : 'थांबा' आणि 'निल्ली'. जीव वाचवणारा शब्द वाचणाऱ्याला कळलाच पाहिजे.

आपण बँकिंग शिकतो, विमा शिकतो. आग आणि चोरी यांपासून मालाचे रक्षण कसे करावे, हे आपल्याला पाठ असते. कामावर जखमी झालेल्या माणसाला भरपाई देण्याचा कायदा या देशात १९२३ साली झाला. ती तरतूद आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. पण भरपाईने पाय परत येत नाही. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो आणि खंडेनवमीला फोर्कलिफ्टला झेंडूचा हारही पडतो. त्या दिवशी हाराबरोबर ब्रेकही पाहिला, तर पूजा पूर्ण होईल असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टरात पट्टीने एक नवा रकाना आखला : 'थोडक्यात टळले'. त्यात कालची नोंद केली : वळणावर आरसा नाही, माल दृष्टीआड, वाट एकच. मामा म्हणाले, "अरे, हे मालकांना आवडायचं नाही." मालकांनी वाचले, काही बोलले नाहीत. सुट्टी संपायच्या आत त्या वळणावर आरसा लागला. पिवळ्या पट्ट्या अजून व्हायच्या आहेत.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी कित्येक जण गोदामांचे हिशोब लिहायला बसतील. फाटलेल्या पोत्याशेजारी माणसासाठीही एक रकाना ठेवा. वेळ आली नव्हती म्हणून गप्प बसलो, तर ती एक दिवस येतेच.